वेट लॉस प्रोग्रॅममधलं स्ट्रेसचं एक सेशन आणि स्ट्रेससकट वेट लॉस: फरक काय?

अमेरिकेतल्या ब्लॅक बायकांच्या वजनाबद्दल वाचायला बसलं की दोन प्रकारचे प्रोग्रॅम सारखे समोर येतात आणि वरवर बघितलं तर दोन्ही एकच वाटतात. एक म्हणजे नेहमीचा बिहेवियरल वेट लॉस, औषध नाही, ऑपरेशन नाही, खाण्यापिण्याच्या आणि हालचालीच्या सवयी बदलायच्या, लिहून ठेवायचं, दर आठवड्याला ग्रुपमध्ये भेटायचं. दुसरा तोच, पण त्यात स्ट्रेस मॅनेजमेंट मिसळलेलं. मग लोक विचारतात, अहो पहिल्यातही स्ट्रेसबद्दल सांगतातच की, वेगळं काय त्यात?

सांगतात, खरंय. पण कधी सांगतात ते बघा. या पठडीतला सगळ्यात गाजलेला म्हणजे डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम, २००२ साली त्याचा रिझल्ट आला, ३,२३४ लोक होते, लाइफस्टाइलवाल्या गटाला टार्गेट दिलं होतं वजन ७ टक्के कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करायचा, आणि त्यांच्यात डायबेटिस होण्याचं प्रमाण नुसती प्लासिबो गोळी (आत औषध नसलेली, दिखाऊ) घेणाऱ्यांपेक्षा ५८ टक्क्यांनी कमी निघालं. जबरदस्तच काम आहे, वादच नाही. पण त्याच्या सुरुवातीच्या १६ सेशनांत स्ट्रेसचं सेशन कितवं? पंधरावं! तोवर खाण्यातलं फॅट मोजून झालेलं, चालायला लागून झालेलं, हॉटेलात काय मागवायचं तेही शिकून झालेलं. आणि याच प्रोग्रॅममध्ये ब्लॅक बायकांचं वजन बाकीच्यांपेक्षा कमी उतरलं. आता ते पंधराव्या सेशनमुळे झालं असं काही नाही, कारणं बरीच असतील, पण तिथूनच प्रश्न पडायला सुरुवात होते.

फरक नेमका कुठे पडतो ते एका वहीत बघू. समजा नॉर्थ कॅरोलिनातली एक बाई, नर्सिंग होममध्ये मदतनीस, संध्याकाळची शिफ्ट संपवून रात्री घरी आली, आईची औषधं दिली, मुलाचा होमवर्क राहिलाय, लाइटचं बिल तसंच पडलंय, आणि वहीत नोंद आहे "रात्री ११:४०, चिप्सचं मोठं पाकीट, उभ्या उभ्या". पहिल्या प्रोग्रॅमची कोच म्हणेल, चिप्स घरात आणूच नका, त्या वेळेला दुसरं काहीतरी हाताशी ठेवा, कॅलरीचं बजेट बघा. चुकीचं काहीच नाही त्यात. दुसऱ्यातली कोच आधी विचारेल की ११:३० वाजता काय चाललं होतं, टेन्शन शून्य ते दहामध्ये किती होतं, आणि आईच्या औषधांचं आठवड्यातून दोन दिवस तरी भाऊ किंवा बहीण बघेल का. चिप्सवर ती येईल, पण नंतर. म्हणजे पहिल्यात स्ट्रेस हा डाएटच्या वाटेतला खड्डा, चुकवून पुढे जायचं, आणि दुसऱ्यात पहिल्या आठवड्यापासून डाएटइतकंच काम स्ट्रेसवर.

मग ब्लॅक बायकांसाठीच वेगळं का, टेन्शन कोणाला नाही? हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. कसंय, आर्लीन जेरोनिमस नावाच्या संशोधक बाईंनी १९९२ मध्ये वेदरिंगची कल्पना मांडली, की आयुष्यभर भेदभाव आणि तंगी सोसून शरीर वयाच्या आधीच झिजतं. १९९५ पासून चालू असलेल्या ब्लॅक विमेन्स हेल्थ स्टडीत सुमारे ५९,००० बायका आहेत, आणि ज्यांना रोजच्या जगण्यात वर्णद्वेषाचा अनुभव जास्त आला त्यांचं वजनही जास्त वाढलेलं दिसलं. शिवाय २०१० मध्ये शेरिल वुड्स-जिस्कोंबे यांनी सुपरवुमन स्कीमाबद्दल लिहिलं: खंबीर दिसलंच पाहिजे, रडायचं नाही, कोणाची मदत मागायची नाही, सगळ्यांचं आपणच करायचं. आता अशा बाईला "टेन्शन घेऊ नकोस" सांगून काय होणार? तिला तर टेन्शन आलंय हे कबूल करणंच जड जातं.

आणि यूट्यूबवर कॉर्टिसोलचं (स्ट्रेसमध्ये वाढणारं हार्मोन) पोट वगैरे जे चालतं ना, तेवढं सोपं नाहीये ते. स्ट्रेसमध्ये काहींची भूक मरते, काहींना गोड-तळलेलं हवं होतं, झोप बिघडते, व्यायाम सुटतो, असं सगळं मिळून वजनावर येतं.

अजून एक गल्लत म्हणजे स्ट्रेस मॅनेजमेंट म्हणजे सुगंधी मेणबत्ती आणि स्पा. इथे त्याचा अर्थ बराच रुक्ष आहे: पोटातून श्वास घेणं, एकेक स्नायू आवळून सोडणं, अडचण कागदावर मांडून तिचे पर्याय काढणं, आणि नाही म्हणायची प्रॅक्टिस (हे सगळ्यात अवघड). अडचणीही खऱ्या घ्यायच्या. २०११ मध्ये तेव्हाच्या सर्जन जनरल (लोकांना आरोग्याबद्दल सांगणाऱ्या अमेरिकी सरकारच्या मुख्य डॉक्टर) रेजिना बेंजामिन, स्वतः ब्लॅक, अटलांटाच्या हेअर शोमध्ये जाऊन बोलल्या की घामाने केस खराब होतील म्हणून बायका व्यायाम टाळतात. काहींना हसू आलं, पण सेट केलेल्या केसांना पैसे आणि तास किती लागतात ते ज्याचं त्यालाच माहीत. नुसतं "रोज ३० मिनिटं चाला" सांगणाऱ्या चार्टमध्ये हे कुठेच बसत नाही.

आता दुसरा प्रकार जास्त चालतो का? २०१३ मध्ये एक छोटा पायलट, म्हणजे आधी करून बघायचा अभ्यास, छापून आला, ४४ आफ्रिकन अमेरिकन बायका, १२ आठवडे, एक गट नुसत्या लाइफस्टाइलमध्ये, दुसरा लाइफस्टाइल अधिक स्ट्रेसमध्ये, आणि घेतल्याही मुद्दाम मध्यम ते जास्त स्ट्रेस असलेल्या. स्ट्रेसवाल्या गटाचं वजन सरासरीने थोडं जास्त उतरलं, पण एवढ्याशा गटावरून "हेच बेस्ट" म्हणता येत नाही, आणि १२ आठवड्यांत उतरलेलं वजन वर्षभर टिकतं का हा तर निराळाच मामला. म्हणून मला वाटतं सरसकट सगळ्यांना दुसरा प्रकार देण्यात अर्थ नाही. स्ट्रेस मोजायला दहा प्रश्नांची एक साधी प्रश्नावली मिळते, शून्य ते ४० स्कोअर, ती आधी भरून घ्यावी, स्कोअर कमी असेल तर पहिला प्रकारच ठीक आहे, उगाच सेशनं कशाला वाढवायची. स्कोअर जास्त असेल तर मात्र पंधराव्या सेशनची वाट बघू नये. आणि श्वासाच्या व्यायामाने लाइटचं बिल भरलं जात नाही की ऑफिसातला भेदभाव थांबत नाही, तेव्हा कोणी हा प्रोग्रॅम त्यावरचा इलाज म्हणून विकत असेल तर सरळ नाही म्हणावं.