पोलिसांवर लक्ष कोणाचे? नगर परिषदेच्या सुरक्षा समितीमागचा दोन शतकांचा वाद

अमेरिकेतल्या अनेक शहरांत नगर परिषदेची एक सार्वजनिक सुरक्षा समिती असते. पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका आणि ९११ या आपत्कालीन क्रमांकावरचे फोन घेणारा नियंत्रण कक्ष, असा सगळा कारभार तिच्यासमोर येतो. ती पोलीस प्रमुखांना बोलावते, खर्चाचा हिशेब मागते, ओव्हरटाइमवर एवढा पैसा का गेला ते विचारते, नागरिकांची गाऱ्हाणी ऐकते आणि नव्या नियमांचे मसुदे परिषदेपुढे ठेवते. मात्र अमक्याला पकडा, तमक्याला सोडा, हा तपास थांबवा, असे सांगण्याचा अधिकार तिला नाही. विचारायचे सगळे, पण हुकूम द्यायचा नाही, ही तिची मर्यादा. ही मर्यादा कोणा एका कायदेपंडिताने बसून आखलेली नाही. नगरसेवकांच्या हाती पोलीस पूर्णपणे दिले तर काय होते आणि पूर्णपणे काढून घेतले तर काय होते, हे दोन्ही प्रकार शहरांनी भोगले, त्यातून ती तयार झाली.

सुरुवात इंग्लंडपासून करावी लागते. तिथे १२८५च्या विंचेस्टरच्या कायद्याने रात्रीच्या पहाऱ्याची जबाबदारी गावावरच टाकली होती. गावकऱ्यांनी आळीपाळीने पहारा द्यायचा आणि चोर दिसला की आरडाओरडा करून सगळ्यांनी मागे धावायचे. लहान गावात हे निभावले. शहरे फुगल्यावर मात्र ज्यांना परवडे ते आपल्या जागी भाडोत्री माणूस पाठवू लागले आणि पहारा नावापुरता उरला. १८२९मध्ये गृहमंत्री रॉबर्ट पील यांनी लंडनसाठी पगारी, गणवेशातले पोलीस दल उभे केले. ते थेट गृहमंत्रिपदाच्या अखत्यारीत ठेवले गेले. लंडनच्या रहिवाशांनी निवडून दिलेल्या कोणालाही त्यात अधिकार नव्हता.

बाकीच्या शहरांसाठी संसदेने वेगळी वाट धरली. १८३५च्या म्युनिसिपल कॉर्पोरेशन्स कायद्याने १७८ शहरांच्या जुन्या, बंदिस्त कारभाराच्या जागी निवडून आलेल्या परिषदा आणल्या आणि प्रत्येक परिषदेने एक ‘वॉच कमिटी’, म्हणजे पहारा समिती, नेमलीच पाहिजे, असे बंधन घातले. आजच्या सुरक्षा समितीची ही थेट पूर्वज. तिचे अधिकार आज वाचताना दचकायला होते. शिपाई नेमायचे तिने, त्यांचे नियम करायचे तिने, कामात कुचराई केली तर काढून टाकायचे तेही तिनेच. पोलीस प्रमुख म्हणजे तिचा एक नोकर, फक्त वरच्या पगाराचा. शहरातले दुकानदार, गिरणीमालक, मद्यविक्रेते अशी मंडळी परिषदेत असत, त्यामुळे शहरातल्या बड्या लोकांचे हितसंबंध आणि शिपायाची नोकरी एकाच टेबलावर येत.

या पद्धतीला फक्त नावे ठेवणे मला योग्य वाटत नाही. तिच्यामागचा विचार साधा आणि आजही खरा आहे. गस्तीचा पैसा शहर देते, तर गस्त कशी चालते हे शहराच्या प्रतिनिधींना कळले पाहिजे. १८५६च्या कायद्याने सरकारी निरीक्षक आले आणि दल कार्यक्षम ठरले तर पगार व गणवेशाच्या खर्चाचा चौथा हिस्सा सरकारी तिजोरीतून मिळू लागला. १८७४मध्ये तो निम्मा झाला. पैशाबरोबर गृहखात्याचे लक्षही आले आणि समितीच्या एकछत्री सत्तेला पहिली चीर पडली.

समितीचा हुकूम किती खोलवर चाले याचे ठळक उदाहरण म्हणजे १८९०चे लिव्हरपूल. निवडणुकीनंतर परिषदेतली सत्ता बदलली आणि नव्या वॉच कमिटीने शहरातल्या सगळ्या कुंटणखान्यांवर तातडीने कारवाई करण्याचा ठराव केला. पोलीस प्रमुख नॉट-बोवर यांना हे धोरण पटत नव्हते. धंदा एका भागातून हटवला की तो साऱ्या शहरात पसरतो, असे त्यांचे म्हणणे. तरी त्यांनी ठराव अमलात आणला, कारण हुकूम मालकाचा होता. कोणता कायदा किती कडकपणे राबवायचा हे त्या काळी निवडणुकीत ठरत होते. त्यात लोकशाही होती आणि धोकाही होता. जी समिती कुंटणखान्यांवर धाड घाला म्हणू शकते, ती एखाद्या सदस्याच्या गुत्त्याकडे काणाडोळा करा असेही म्हणू शकते.

या समित्यांच्या हाती पोलिसांखेरीजही बरेच काही होते. अनेक शहरांत आग विझवणारे पोलीसच असत. १९०९मध्ये सिनेमागृहांना परवाने देण्याचा कायदा आला तो आगीच्या भीतीने, कारण त्या काळची नायट्रेट फिल्म चटकन पेट घेई. पण परवान्याला आगीशी संबंध नसलेल्या अटीही घालता येतात हे न्यायालयाने मान्य केल्यावर, पडद्यावर काय दिसावे यावरही या समित्या निर्णय देऊ लागल्या. सुरक्षेसाठी दिलेला अधिकार किती लांब ताणता येतो, याचा हा नमुना प्रत्येक नगरसेवकाने वाचावा असा आहे.

समितीच्या सत्तेला मोठा धक्का १९३०मध्ये बसला, आणि तोही आडवाटेने. ओल्डहॅम शहरात पोलिसांनी चुकीच्या माणसाला पकडले. त्या माणसाने नुकसानभरपाईसाठी महापालिकेवर दावा लावला. महापालिका म्हणाली, शिपाई आमचा नोकर नाही. न्यायमूर्ती मॅकार्डी यांनी ते मान्य केले. शिपाई अटक करतो तेव्हा तो कायद्याने स्वतःला दिलेला अधिकार वापरत असतो, समितीचा नव्हे, असा त्या निकालाचा आशय. पैसे वाचवण्यासाठी केलेला बचाव पुढे समितीच्याच अंगलट आला. नोकर नसेल, तर त्याला हुकूम कसा देणार?

हा प्रश्न १९५९मध्ये नॉटिंगहॅममध्ये उघड्यावर आला. पोलीस प्रमुख अ‍ॅथेलस्टन पॉपकेस यांनी नगर परिषदेतल्या मंडळींवरच्या भ्रष्टाचाराच्या आरोपांची चौकशी सुरू केली आणि लंडनहून तपास अधिकारी बोलावले. खटला उभा राहिला नाही. मग चौकशीचा अहवाल आम्हाला द्या, असे वॉच कमिटीने फर्मावले. पॉपकेस यांनी नकार दिला. ज्यांच्या सहकाऱ्यांची चौकशी चालली होती, तेच तिचा अहवाल मागत होते. समितीने त्यांना निलंबित केले. गृहमंत्री आर. ए. बटलर यांनी ते मागे घ्यायला लावले.

ब्रायटनची गोष्ट याच्या नेमकी उलट्या बाजूची. तिथले पोलीस प्रमुख चार्ल्स रिज यांच्यावर कटाचा खटला झाला. १९५८च्या फेब्रुवारीत ते निर्दोष सुटले, पण न्यायाधीशांनी त्यांच्या नेतृत्वावर कडक ताशेरे ओढले. वॉच कमिटीने ७ मार्चला त्यांना बडतर्फ केले. नोटीस नाही, आरोपपत्र नाही, म्हणणे मांडण्याची संधी नाही, आणि पेन्शनही बुडाले. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेले. १९६३मध्ये निकाल लागला की ऐकून न घेता केलेली बडतर्फी मुळातच रद्दबातल आहे. नैसर्गिक न्यायाचे तत्त्व शिकवताना कायद्याच्या वर्गात आजही या निकालाचा दाखला देतात. समितीला पोलीस प्रमुखाबद्दल शंका घेण्याचा पूर्ण हक्क होता, आणि कारणही होते. पण एका बैठकीत दार लावून माणसाला संपवणे म्हणजे देखरेख नव्हे.

अशा वादांवर नेमलेल्या शाही आयोगाने १९६२मध्ये अहवाल दिला आणि १९६४च्या पोलीस कायद्याने वॉच कमिट्या इतिहासजमा केल्या. त्यांच्या जागी आलेल्या पोलीस प्राधिकरणांत दोन तृतीयांश नगरसेवक आणि एक तृतीयांश दंडाधिकारी होते. दल पुरेसे आणि कार्यक्षम ठेवणे हे प्राधिकरणाचे काम, दलाचे प्रत्यक्ष संचालन पोलीस प्रमुखाचे, आणि वर गृहमंत्री, अशी तिघांत वाटणी झाली. २०१२पासून इंग्लंड आणि वेल्सच्या बहुतेक भागांत प्राधिकरणेही गेली. थेट निवडून आलेले पोलीस आयुक्त आले आणि नगरसेवकांकडे त्या आयुक्तांना प्रश्न विचारणारी मंडळे उरली. लंडनच्या जुन्या ‘सिटी’ भागात मात्र तिथली कॉमन कौन्सिल अजूनही स्वतःच पोलीस प्राधिकरण आहे.

अमेरिकेत हाच वाद अधिक आडदांडपणे लढला गेला. न्यूयॉर्कमध्ये १८४५च्या सुमारास पगारी पोलीस दल आले तेव्हा नेमणुका वॉर्डावॉर्डातून, तिथल्या नगरसेवकाच्या शिफारशीने होत. मुदत एक वर्षाची. म्हणजे नगरसेवक पडला की शिपायाची नोकरीही जाण्याच्या बेतात. मतदानाच्या दिवशी असा शिपाई कोणाच्या बाजूने उभा राहणार, हे सांगायला नको. १८५७मध्ये राज्य विधिमंडळाने शहराकडून पोलीस काढून घेतले आणि स्वतःचे मेट्रोपॉलिटन दल उभारले. महापौर फर्नांडो वुड यांनी आपले दल बरखास्त करायला नकार दिला. १६ जूनला सिटी हॉलच्या पायऱ्यांवर शहराचे पोलीस आणि राज्याचे पोलीस एकमेकांशी दंडुक्यांनी लढले. शहराला आपले पोलीस परत मिळायला १८७० उजाडले.

राज्याने शहराचे पोलीस ताब्यात घेण्याचा हा प्रकार एकट्या न्यूयॉर्कचा नव्हता. बाल्टिमोरमध्ये १८६०मध्ये, तर सेंट लुइसमध्ये यादवी युद्ध पेटत असताना १८६१मध्ये तेच झाले. बोस्टनचे पोलीस १८८५पासून गव्हर्नरने नेमलेल्यांच्या हाती गेले आणि १९६२मध्ये परतले. कारण म्हणून दरवेळी नगरसेवकांचा भ्रष्टाचार सांगितला गेला. तो खराही होता. पण स्थलांतरितांच्या मतांवर निवडून येणाऱ्या शहरी पुढाऱ्यांच्या हाती दंडुका राहू नये, हा हेतूही त्यामागे होता. तो नजरेआड करून हा इतिहास समजत नाही.

पोलीस आणि अग्निशमन ही दोन्ही खाती ‘सार्वजनिक सुरक्षा’ या एका छपराखाली कशी आली, याचा एक धागा एका वादळापर्यंत जातो. सप्टेंबर १९००मध्ये टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन बेटावर आलेल्या चक्रीवादळात किमान ६,००० माणसे गेली. उद्ध्वस्त शहर उभे करण्यासाठी १९०१मध्ये नगर परिषदेऐवजी पाच आयुक्तांचे मंडळ आले. त्यातल्या एकाकडे पोलीस आणि अग्निशमन, दोन्ही. आयोवातल्या डी मॉइन शहराने १९०७च्या कायद्याखाली हीच पद्धत उचलली आणि पाच खात्यांपैकी एकाला सार्वजनिक सुरक्षा हे नाव दिले. पद्धत देशभर पसरली, पुढे ओसरलीही, पण ती खात्यांची मोट टिकून राहिली. याच सुमारास नगर व्यवस्थापकाची पद्धत आली, म्हणजे परिषदेने नेमलेला पगारी अधिकारी शहराचा रोजचा कारभार चालवू लागला. ही पद्धत घेणाऱ्या शहरांच्या अनेक सनदांत, म्हणजे शहराच्या कारभाराच्या मूळ कायद्यांत, एक स्पष्ट कलम असते: परिषद सदस्याने व्यवस्थापकाला वगळून कर्मचाऱ्यांना परस्पर हुकूम देऊ नये. वॉर्डातल्या शिफारशींच्या जमान्याला दिलेले हे उत्तर होते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लंबक पार दुसऱ्या टोकाला गेला. पुढाऱ्यांचा हात झटकायचा म्हणून पोलीस प्रमुखाला एवढे संरक्षण दिले गेले की त्याला कोणी विचारेनासे झाले. लॉस एंजेलिसमध्ये पोलीस प्रमुखाचे पद १९३०च्या दशकापासून नागरी सेवेच्या कवचाखाली होते, म्हणजे त्याला सहजी काढता येत नसे. मार्च १९९१मध्ये रॉडनी किंग या कृष्णवर्णीय वाहनचालकाला पोलिसांनी केलेल्या मारहाणीची चित्रफीत जगाने पाहिली. पोलिसांवर देखरेख ठेवणाऱ्या शहराच्या पोलीस आयोगाने प्रमुख डॅरिल गेट्स यांना रजेवर पाठवले, आणि नगर परिषदेने मध्ये पडून त्यांना परत आणले. कोण कोणाला जबाबदार, याचा एवढा गोंधळ क्वचितच दिसला असेल. जून १९९२मध्ये मतदारांनी सनद दुरुस्त केली आणि पोलीस प्रमुखाला जास्तीत जास्त दोनदा, पाच-पाच वर्षांची मुदत ठरली.

समित्यांना खरे बळ मिळाले ते पैशाच्या अंगाने. १९७८मध्ये मोनेल खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की शहराच्या धोरणामुळे किंवा रुळलेल्या प्रथेमुळे नागरी हक्क डावलले गेले, तर शहरावरच दावा लावता येतो. भरपाई शहराच्या तिजोरीतून जाऊ लागली. एकाच प्रकारच्या तक्रारींवर वर्षानुवर्षे तडजोडीचे धनादेश फाटत असतील, तर प्रशिक्षण कुठे कमी पडते हे विचारायला नगरसेवकाला आता ठोस आधार मिळाला. ओल्डहॅममध्ये महापालिकेने झटकलेली जबाबदारी इथे शहराच्या गळ्यात आली, आणि जबाबदारीबरोबर विचारण्याचा हक्कही.

कामाचा पसाराही वाढत गेला. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामातल्या हेलीव्हिल गावात ९११वर पहिला फोन लागला. पोलीस, आग आणि रुग्णवाहिका यांची हाक एकाच ठिकाणी येऊ लागली, त्यामुळे हाकेला किती मिनिटांत उत्तर मिळाले याचा जाब मागण्याचे ठिकाणही एकच झाले. ऑरेगॉनमधल्या युजीन शहरात १९८९पासून (तिथली ती सेवा २०२५मध्ये थांबली) आणि डेनव्हरमध्ये जून २०२०पासून मानसिक त्रासाच्या काही फोनवर बंदूकधारी शिपायाऐवजी प्रशिक्षित मदतनीस जाऊ लागले. सिएटलने २०१७मध्ये आणि न्यूयॉर्कने २०२०मध्ये पाळत ठेवणाऱ्या यंत्रणांची माहिती उघड करण्याचे नियम केले. असल्या गोष्टी ठरतात त्या अंदाजपत्रकाच्या कंटाळवाण्या सुनावण्यांत. म्हणून त्या सुनावण्यांना हजर राहणारा नागरिक मला फार मोलाचा वाटतो.

पोलीस कोणाच्या हाती, हा वाद आजही मिटलेला नाही. मिनियापोलिसची सनद पोलिसांवरचा पूर्ण ताबा महापौरांकडे देते आणि लोकसंख्येच्या प्रमाणात किमान पोलीसबळ ठेवायला लावते. २०२०मध्ये तिथल्या पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाचा मृत्यू झाल्यानंतर पोलीस खात्याच्या जागी सार्वजनिक सुरक्षा खाते आणण्याचा प्रस्ताव आला, तो नोव्हेंबर २०२१मध्ये मतदारांनी फेटाळला. शिकागोने त्याच वर्षी एक नागरी आयोग आणि २२ पोलीस जिल्ह्यांत प्रत्येकी तीन निवडून आलेल्या सदस्यांच्या परिषदा स्थापण्याचा ठराव केला. त्यांची पहिली निवडणूक फेब्रुवारी २०२३मध्ये झाली. सेंट लुइसला आपले पोलीस २०१३मध्ये, दीडशे वर्षांनी परत मिळाले होते. मिसुरी राज्याने २०२५मध्ये नवा कायदा करून ते पुन्हा राज्याच्या मंडळाकडे सोपवले.