जुनी डिंगी आणि क्लासिक डिंगी

जुन्या लाकडी डिंगीची, म्हणजे लहान उघड्या होडीची, एक गंमत आहे, ती पाण्यात सोडायच्या आधी तिच्यातच पाणी सोडावं लागतं. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मालक बादलीवर बादली आत ओतत होता आणि मला वाटलं धुतोय बिचारा. थोड्या वेळाने बघतो तर बाहेरून फळ्यांच्या जोडाजोडातून थेंब टपकायला लागलेले. म्हटलं, अहो, ही तर गळतेय! तो म्हणाला, गळू दे की, परवा या. परवा गेलो तर बोट अर्धी भरलेली आणि खालची जमीन कोरडी ठणठणीत.

यात जादू काही नाही. लाकूड ओलं झालं की फुगतं हे सगळ्यांना माहीत असतं, पावसाळ्यात दारं अडकतात तेच. पण ते सगळीकडून सारखं फुगत नाही. ओलं लाकूड पूर्ण सुकेपर्यंत रेषांच्या आडव्या दिशेने साधारण 5 ते 10 टक्के आकसू शकतं आणि लांबीत मात्र जेमतेम 0.1 ते 0.2 टक्के, म्हणजे जवळपास नाहीच. म्हणून फळ्या बोटीच्या लांबीने लावतात. कोरडी पडली की प्रत्येक फळी रुंदीला आकसते आणि जोड उघडतात, ओली झाली की परत फुगून एकमेकींना घट्ट दाबतात. क्लिंकर पद्धतीच्या बोटीत तर एका फळीची कड दुसरीवर चढवलेली असते, कौलांसारखी, आणि त्या चढवलेल्या पट्टीतून तांब्याचा खिळा आरपार घालून आतल्या बाजूने तांब्याची चकती बसवून, जास्तीचं टोक कापून वर हातोडी मारलेली असते. मधे गोंद नाही, रबर नाही, काही नाही. पाणी अडवायचं काम पाणीच करतं.

आता अशी बोट बघितली की कुणीही डोळे झाकून म्हणेल, ही क्लासिक. वार्निशचा तो मधासारखा रंग, तांब्याच्या टिकल्यांच्या रांगा, प्रश्नच नाही. पण मग पांढऱ्या प्लास्टिकच्या टबासारखी दिसणारी लेझर नावाची डिंगी? ती 1971 साली बाजारात आली, म्हणजे वयाने पन्नाशी ओलांडलीये, पण तिला क्लासिक म्हटलं की लाकूडवाले भडकतात. माझं मत सांगून टाकतो, लेझर क्लासिक आहे, आणि काही सुंदर लाकडी बोटी नुसत्याच जुन्या आहेत. का ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

डिंगी हा शब्द हिंदी-बंगालीतून इंग्रजीत गेलेला. शिडाच्या मोठ्या यॉटला खाली शिशाचं किंवा लोखंडाचं वजन असतं, ती कलली की ते वजन तिला सरळ करतं. डिंगीला ते नसतं. खाली नुसती वरखाली होणारी एक पातळ फळी, तिला सेंटरबोर्ड म्हणतात, ती बोटीला आडवं सरकू देत नाही. आणि कललेली बोट सरळ कोण करणार? आत बसलेली माणसं, काठावर बसून, अंग बाहेर टाकून. माणूसच वजन. त्यामुळे बोट हलकी राहते, आणि हलकी राहते म्हणूनच पुढची सगळी मजा.

ही मजा लाटेची आहे. बोट चालताना पाणी ढकलते आणि स्वतःची लाट उठवते, आणि अशा लाटेचा नियम असा की वेग वाढला की तिची लांबी वाढते. वेग वाढत वाढत एक वेळ अशी येते की लाट बरोबर बोटीएवढी लांब होते, एक उंचवटा पुढे नाकाशी आणि दुसरा मागे शेपटाशी. त्याहून जोरात जायचं म्हटलं की मागचा उंचवटा आणखी मागे सरकतो, बोटीचं बूड खड्ड्यात बसतं, नाक वर होतं आणि आता ती आपल्याच लाटेचा चढ चढत बसते, कितीही वारा असला तरी. ढोबळ हिशेब असा, पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, 1.34 ने गुणा, तो वेग नॉटमध्ये. 12 फुटांना साधारण 4.6 नॉट, म्हणजे तासाला साडेआठ किलोमीटरच्या आसपास. 14 फुटांना 5. दोन फूट वाढवून पदरात काय पडलं तर अर्धा नॉटसुद्धा नाही! बोटींच्या लाटांचा हा अभ्यास पद्धतशीरपणे केला विल्यम फ्रूडने, इंग्लंडमध्ये टॉर्की इथे 1872 मध्ये त्याने लांबलचक हौद बांधून घेतला आणि त्यात बोटींची छोटी मॉडेलं ओढून मोजमापं घेतली. टॉर्कीचं नाव लक्षात ठेवा, परत येणार आहे.

1913 ची जॉर्ज कॉकशॉटची 12 फुटी डिंगी घ्या. कॉकशॉट धंद्याने डिझायनर नव्हता, हौशी माणूस. क्लिंकर बोट, एक शीड, जाडसर गोल पोट. ही लाटेच्या त्या हद्दीत राहणारी बोट, सभ्य. 1920 च्या ऑलिंपिकमध्ये हिची शर्यत होती आणि त्यात एकूण दोन बोटी, दोन्ही डच. ऑलिंपिक बेल्जियममध्ये, पण ठरल्याप्रमाणे शर्यती पूर्ण झाल्या नाहीत आणि दोन्ही बोटी डचच आहेत तर कशाला परत बेल्जियमला जायचं म्हणून उरलेल्या शर्यती सरळ नेदरलँड्समध्ये उरकल्या. 1928 मध्ये परत ऑलिंपिकला हीच बोट. आणि ती अजून शर्यतीत पळते, मुख्यतः नेदरलँड्स आणि इटलीत.

त्याच 1928 मध्ये इंग्लंडमध्ये उफा फॉक्स नावाच्या अवलियाने 14 फुटी बोट उतरवली, ॲव्हेंजर. त्याने काय केलं, पुढचा भाग इंग्रजी व्ही सारखा धारदार ठेवला आणि मागे जाता जाता तळ सपाट करत नेला. सपाट तळावर पाणी वरच्या दिशेने रेटा देतं, पाण्यावर चपटा दगड फेकला की तो उसळत जातो तसं. बोट हलकी असेल आणि वारा पुरेसा असेल तर ती लाटेचा चढ चढून वर येते आणि पाणी कापण्याऐवजी त्याच्यावरून घसरायला लागते. याला प्लेनिंग म्हणतात. एकदा प्लेन करायला लागली की तो वर्गमूळवाला हिशेब संपला. ॲव्हेंजरने त्या मोसमात 57 शर्यतींत 52 पहिले नंबर काढले, दोन दुसरे आणि तीन तिसरे. बाकीचे काय करणार, पुढच्या बोटी सगळ्या त्याच वळणाच्या.

मग 1938 मध्ये याच 14 फुटी क्लासमध्ये, म्हणजे एकाच नियमाखाली शर्यत करणाऱ्या बोटींच्या गटात, जॉन विंटर आणि पीटर स्कॉट, हाच पुढे पक्ष्यांचा अभ्यासक म्हणून गाजला, थंडर अँड लायटनिंग नावाची बोट घेऊन आले आणि शर्यतीत एकजण चक्क बोटीच्या बाहेर, डोलकाठीच्या वरून आलेल्या दोरीला लटकून, पाय फक्त काठाला टेकलेले. तो ट्रॅपीझ. माणसाचं वजन जितकं लांब तितका बोट सरळ करायचा जोर जास्त, शाळेत शिकलेला तरफेचा नियम. ते जिंकले आणि क्लासने ट्रॅपीझवर बंदी घातली. आज त्याच क्लासच्या बोटीत दोघंही ट्रॅपीझवर लटकलेले असतात, नावात तेवढं 14 उरलंय, बाकी ॲव्हेंजरशी नातं शोधावं लागतं.

इथे मला वाटतं खरी गोष्ट आहे. डिंगीचे क्लास ढोबळमानाने दोन तऱ्हेचे. एकात नियम फक्त चौकट देतो, लांबी इतकी, शीड इतकं, बाकी डोकं चालवा. अशा क्लासमध्ये प्रत्येक बोट पुढच्या बोटीकडून हरणारच, ॲव्हेंजरसुद्धा. तिथे क्लासिक होते ती एकेक बोट, जिने काहीतरी नवीन केलं आणि मग स्वतःच मागे पडली. दुसऱ्या तऱ्हेत सगळ्या बोटी एका आराखड्याच्या, एका आकाराच्या, फरक पडायचा तो माणसाने. तिथे एकेका बोटीला काही महत्त्व नाही, तिथे आराखडाच क्लासिक होतो. लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि मग लाकूड की फायबर यावर भांडत बसतात.

अर्थात सामानाला महत्त्व नाही असं नाही, उलट आकार ठरतो तोच मुळी सामानावरून. महायुद्धात विमानांसाठी पाण्याला दाद न देणारे गोंद तयार झाले आणि बोटीवाल्यांचं नशीब फळफळलं. इंग्लंडमधल्या फेअरी मरीनने 1946 पासून फॉक्सच्या आराखड्यावर फायरफ्लाय बनवायला घेतली, लाकडाचे पातळ पापुद्रे साच्यावर तिरपे-उलट तिरपे चिकटवायचे, रबराची पिशवी चढवायची आणि अख्खी बोट मोठ्या प्रेशर कुकरसारख्या भट्टीत घालून दाबाखाली भाजून काढायची. जोड नाहीत, बरगड्या जवळपास नाहीत, अंड्याच्या कवचासारखी बोट. 1948 च्या ऑलिंपिकला एकट्याने चालवायची बोट म्हणून हीच होती, शर्यती त्याच टॉर्कीला, आणि पॉल एल्व्हस्ट्रॉम नावाचा वीस वर्षांचा डॅनिश पोरगा पहिली शर्यत अर्धवट सोडूनही सोनं घेऊन गेला. पुढची तीन सोन्याची पदकं त्याने फिन नावाच्या डिंगीत मिळवली. फिन रिकार्ड सार्बीने 1949 मध्ये आखलेली, 1952 पासून टोकियो 2020 पर्यंत एकही ऑलिंपिक न चुकवलेली. या काळात फिनचं लाकूड जाऊन फायबर आलं, डोलकाठी लाकडाची होती ती ॲल्युमिनियमची झाली, मग कार्बनची, शिडाचं सुती कापड जाऊन टेरिलीन आणि मग आणखी काय काय. मूळचं काय राहिलं? आकार. म्हणून ती फिन.

ज्यांच्याकडे भट्टी नव्हती त्यांच्यासाठी प्लायवुड. प्लायवुडची एक अडचण आहे, एक कागद घ्या आणि चेंडूभोवती गुंडाळायचा प्रयत्न करा, सुरकुत्या पडणारच. कागद नळीसारखा वाकतो, शंकूसारखा वाकतो, पण एकाच वेळी दोन दिशांना वाकत नाही, प्लायचंही तेच. म्हणून त्या काळच्या घरगुती बोटींना गोल पोट नाही, कडा आहेत, घडी घातल्यासारख्या. जॅक होल्ट हा या कामातला उस्ताद. 1963 च्या सुमाराला त्याने आणि टीव्हीवर घरगुती सुतारकाम शिकवणाऱ्या बॅरी बकनेलने मिळून मिरर डिंगी आणली, 10 फूट 10 इंच, डेली मिरर या पेपरच्या नावाची आणि लाल शिडाची, किट 63 पौंड 11 शिलिंगला. बांधायची पद्धत ऐकून हसू येईल, कापलेल्या प्लायच्या कडांना भोकं पाडायची आणि तांब्याच्या तारेने शिवायच्या, गोधडीसारख्या. पिळून पिळून कडा जुळल्या की आतून काचेच्या धाग्याची पट्टी रेझिनमध्ये भिजवून चिकटवायची, तारा बाहेरून छाटून टाकायच्या. नाक टोकदार करायचं तर प्लायला फार पीळ द्यावा लागतो, म्हणून पुढेही बोथट सपाट फळी. डोलकाठी आखूड ठेवून वर दुसरी काठी चढवलेली, कारण सगळ्या काठ्या बोटीच्या आत मावल्या पाहिजेत. दिसायला बोट काही फार देखणी नाही हो, पण तिच्या प्रत्येक बेढब गोष्टीला कारण आहे, आणि ज्यांनी कधी रंधा धरला नव्हता त्यांनीही ती बांधली. 70 हजारांच्या वर झाल्या.

क्लासिक म्हणजे मला हेच दिसतं. त्या वेळच्या सामानाने आणि त्या वेळच्या माणसांच्या गरजेने एक कोडं घातलं आणि कुणीतरी ते असं सोडवलं की त्यात नंतर हात घालायची जागाच उरली नाही. लेझरचं तेच. कोडं होतं कारच्या टपावर जाईल अशी बोट, ब्रूस कर्बीने 1969 मध्ये फोनवर बोलता बोलता कागदावर रेघोट्या मारल्या, फायबरच्या साच्यातून एकसारख्या 2 लाखांच्या वर बोटी निघाल्या, 1996 पासून ऑलिंपिकला आहे. मधे नावावरून कोर्टकचेऱ्या झाल्या, आता शर्यतीत तिला इल्का म्हणतात, बोट तीच. याउलट फायबरच्या बोटीला साच्यातच खोट्या फळ्यांच्या रेघा उमटवतात ना, क्लिंकर दिसावी म्हणून, ते मला अजिबात झेपत नाही. तिथे फळी फुगत नाही, खिळा काही धरत नाही, रेघ कशाला?

राहिला प्रश्न फळ्या बदलण्याचा. जुन्या बोटीच्या निम्म्या फळ्या नव्या असल्या तर ती तीच बोट का, यावर लोक रात्ररात्र बोलू शकतात. माझ्या मते हो, क्लिंकर बोट मुळातच एकेक फळी काढून बदलता येईल अशी बांधलेली असते. आणि बदलायला लागतातच, पण समुद्रामुळे नाही. खाऱ्या पाण्यात कुजवणाऱ्या बुरशीला नीट वाढता येत नाही, खरी खलनायिका म्हणजे ताडपत्रीखाली कोपऱ्यात साठून राहिलेलं पावसाचं पाणी. विकत घ्यायची असेल तर बोटाच्या पेराने फळीवर टकटक करत जा, टणटण आवाज येता येता मधेच भद्द आला की तिथे थांबा.

लेझर जुनी घ्यायची तर टकटक कमी आणि पाणी जास्त लागतं. डोलकाठी जिथे बसते त्या खोबणीत पाणी भरायचं, पातळीवर पेन्सिलने खूण करायची आणि चहा पिऊन यायचं. पातळी उतरली तर पाणी बोटीच्या पोटात चाललंय, आणि ही जागा काही फुगून बंद होणारी नाही, मग परवा या असं कुणी सांगितलं तरी जाऊ नका.