आयर्लंडच्या इंग्रजीतले नेहमीचे शब्द आणि त्यांचे वेगळे अर्थ

डब्लिनच्या शाळेत बाईंनी ‘मुलगा आज बोल्ड वागला’ म्हटलं, तर ती शाबासकी नव्हे. त्याने खोड्या केल्या आहेत. तिथे नव्याने गेलेले मराठी पालक इथे हमखास फसू शकतात. आयरिश भाषेत धीट आणि खोडकर या दोन्हींसाठी एकच शब्द आहे. लोक इंग्रजीकडे वळले तेव्हा त्याच्या जागी ‘बोल्ड’ आला आणि दोन्ही अर्थ त्याला चिकटले.

हे वळणं फार घाईत झालं. सतराव्या शतकात जमिनी आणि कोर्टकचेऱ्या इंग्रजी बोलणाऱ्यांच्या हाती गेल्या, तरी खेडी बराच काळ आयरिशच बोलत राहिली. १८३१ पासून सरकारी शाळा निघाल्या, त्यांचं माध्यम इंग्रजी. १८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडला. त्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसं मेली आणि निदान तितकीच देश सोडून गेली. सर्वांत जास्त होरपळले ते पश्चिमेकडचे आयरिशभाषक. अमेरिकेला जायचं तर इंग्रजी हवी, म्हणून आईबापच मुलांना ती शिकवायला लागले. १८५१ च्या जनगणनेत पहिल्यांदा भाषा विचारली, तेव्हा आयरिश बोलणारे सुमारे १५ लाख, म्हणजे एक चतुर्थांशाहूनही कमी भरले.

अनेकांनी इंग्रजी शिकली ती स्वतः आयरिश बोलत वाढलेल्या माणसांकडून. त्यामुळे शब्द इंग्रजी आले, घडण जुनीच राहिली. ‘गिव्हिंग आउट’ म्हणजे रागावणं, कारण आयरिशमध्ये त्यासाठी ‘बाहेर देणं’ असाच प्रयोग आहे. ‘आय ॲम आफ्टर ईटिंग’ म्हणजे आत्ताच जेवलो. हा माणूस जेवणाच्या शोधात नाही. याला चुकीची इंग्रजी म्हणणं अन्यायाचं आहे, त्यामागे दुसऱ्या भाषेचं पक्कं व्याकरण आहे.

मात्र सगळंच आयरिशमधून आलेलं नाही. ‘प्रेस’ म्हणजे कपाट, हा इंग्लंडमधलाच जुना अर्थ; तिथे तो मागे पडला, आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये टिकला. घरमालकाने ‘कपडे हॉट प्रेसमध्ये ठेवा’ सांगितलं, तर आपल्याला इस्त्री आठवते. त्याला म्हणायचं असतं ते गरम पाण्याच्या टाकीचं कपाट: टाकीच्या उबेने वरच्या फळ्यांवरच्या कपड्यांतला उरलासुरला ओलावा जातो. ओलेचिंब कपडे मात्र तिथे कोंबू नयेत. हवा खेळत नसल्याने त्यांना कुबट वास येतो.