न्यूमोनिया (फुप्फुसशोथ)

फुप्फुसातील वायुकोशांत पाणी किंवा पू साचून रक्ताला प्राणवायू मिळेनासा करणारा संसर्ग म्हणजे न्यूमोनिया. ताप, खोकला, धाप, श्वास घेताना छातीत उठणारी कळ ही नेहमीची लक्षणे. म्हाताऱ्या माणसात मात्र ताप न येता नुसती ग्लानी किंवा बरळणे एवढेच दिसू शकते. ‘छातीत कफ झाला’ म्हणून ज्याची बोळवण होते त्यात कित्येकदा हाच आजार दडलेला असतो.

नाव एक, पण रोग अनेक. उपचारातली अडचण इथूनच सुरू होते. क्ष-किरण चित्रात फुप्फुसाचा अख्खा खंड पांढरा दिसला तर खंडीय, पांढरे डाग विखुरलेले असले तर श्वासनलिकांभोवतीचा, ही जुनी वर्गवारी वर्णनापुरती ठीक आहे. औषध निवडताना, संसर्ग कुठे झाला हा प्रश्न जास्त कामाचा. घरीदारी वावरताना होणाऱ्या न्यूमोनियात स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिई हा जीवाणू अग्रभागी असतो आणि बहुधा तो ॲमॉक्सिसिलिन या साध्या प्रतिजैविकाला दाद देतो. रुग्णालयात दाखल झाल्यावर ४८ तासांनंतर उद्भवणारा न्यूमोनिया, त्यातही व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचा, फार कठीण. क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर यांसारखे तिथले जीवाणू भारतात अनेकदा कार्बापेनेम या प्रभावी प्रतिजैविकांच्या गटालाही जुमानत नाहीत. मग मूत्रपिंडांना इजा करू शकणारे कोलिस्टिन हे प्रतिजैविक वापरण्याची पाळी येते.

मायकोप्लाझ्मा या जीवाणूला पेशीभित्तीच नसते. पेनिसिलिनचा घाव नेमका भित्तीच्या बांधणीवर असल्याने ते इथे वाया जाते. विषाणूजन्य प्रकारात प्रतिजैविकांचा उपयोग नाही, तरी नंतर जीवाणूंचा संसर्ग वर चढू शकतो. एचआयव्हीबाधितांत न्यूमोसिस्टिस ही बुरशी आढळते. पक्षाघाताच्या रुग्णाला गिळता येत नसेल तर अन्नकण श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होतो. आपल्याकडे आणखी एक फसगत होते: क्षयरोग न्यूमोनियाच्या वेषात येतो आणि लिव्होफ्लॉक्सासिन हे क्षयाच्या जंतूंनाही काहीसे दाबणारे प्रतिजैविक दिल्यास काही दिवस बरे वाटून त्याचे निदान लांबते.

थुंकीतले जंतू वाढवून ओळखायला दोन दिवस तरी लागतात. लहान मुलाला तर थुंकी काढताच येत नाही. तोवर थांबणे परवडत नाही, म्हणून पहिला डोस अंदाजानेच द्यावा लागतो.

हा अंदाज डॉक्टरांखेरीज दुसरे कुणी बांधू शकेल का, याचे उत्तर गडचिरोलीत मिळाले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १०२ गावांत चाचणी केली. त्यांपैकी ५८ गावांत आरोग्यदूत, दाई आणि निमवैद्यकीय कर्मचारी यांना मुलांचा न्यूमोनिया ओळखून को-ट्रायमॉक्सॅझोल हे प्रतिजैविक द्यायला शिकवले. मोठे आकडे मोजता न येणाऱ्यांसाठी मण्यांचे श्वासमापक यंत्र बनवले. मिनिटाला दोन महिन्यांखालच्या बाळाचे ६०, वर्षाच्या आतल्याचे ५० आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे धोका, हा जागतिक आरोग्य संघटनेचा मापदंड आज सर्वत्र वापरला जातो. गडचिरोलीत उपचार मिळालेल्या मुलांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते. तुलनेसाठी ठेवलेल्या उरलेल्या गावांत न्यूमोनिया झालेल्यांत १३.५ टक्के. १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष आले. न्यूमोनियाच्या इतिहासात महाराष्ट्राचे याहून मोठे काम नसावे.

श्वास मोजून रोग कळतो, पण प्राणवायूची पातळी किती खालावली हे कळत नाही. त्यासाठी बोटाला लावायचे पल्स ऑक्सिमीटर लागते. पातळी ९० टक्क्यांखाली गेली की नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, प्राणवायू द्यावा लागतो, आणि दुर्गम भागात सिलिंडरपर्यंतचा रस्ताच जीवघेणा ठरतो.

प्रतिबंधासाठी भारतात न्यूमोकॉकल लस २०१७ पासून निवडक राज्यांत आणि २०२१ पासून देशभर मोफत मिळते: सहावा आठवडा, चौदावा आठवडा आणि नववा महिना. न्यूमोकॉकस म्हणजे वर आलेला स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिई; त्याचे शंभराहून अधिक उपप्रकार आहेत; पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘न्यूमोसिल’ त्यांपैकी १० प्रकारांपासून संरक्षण देते.