प्राणिप्लवकांवरील प्रदूषणाचे परिणाम (उष्ण कटिबंधीय नद्या)

कर्क व मकर वृत्तांदरम्यानच्या नद्यांमध्ये पाण्यासोबत तरंगत जाणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांच्या (प्राणिप्लवकांच्या) समूहात सांडपाणी, शेतीतील रसायने, कारखान्यांतील टाकाऊ द्रव्ये आणि खाणींचा गाळ यांमुळे होणारे बदल. या समूहात मुख्यतः आदिजीव (एकपेशीय प्राणी), रोटिफर (केसलांचे चक्र असलेले सूक्ष्म प्राणी), आणि क्लॅडोसेरा (जलपिसवा) व कोपेपोडा हे सूक्ष्म कवचधारी प्राण्यांचे गट येतात. ते शैवले व जीवाणू खातात आणि बहुतेक माशांची पिले सुरुवातीला त्यांच्यावरच वाढतात.

‘प्लँक्टन’ (प्लवक) ही संज्ञा जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सेन यांनी १८८७ मध्ये रूढ केली. नदीतील प्लवकांसाठी ‘पोटॅमोप्लँक्टन’ ही वेगळी संज्ञा सामान्यतः ओटो त्साखारियास यांच्या नावावर, १८९८ च्या सुमारास, नोंदली जाते. नदीला स्वतःचे प्राणिप्लवक असतात की ते तळी, डोह व पूरमैदानातील पाणथळींतून वाहत आलेले असतात, हा वाद तितकाच जुना आहे. प्रदूषणाच्या अभ्यासात तो टाळता येत नाही. सेकंदाला अर्धा मीटर वेगाने वाहणारे पाणी दिवसाला सुमारे ४३ किमी. जाते, म्हणजे २०० किमी.चा टप्पा पाच दिवसांच्या आत संपतो. उबदार पाण्यात रोटिफरांची एखाददुसरी पिढी एवढ्या काळात होऊ शकते, कोपेपोडांची होत नाही. त्यामुळे वेगवान प्रवाहात सापडणारे कोपेपोड व मोठ्या जलपिसवा बाहेरून आलेल्या असतात, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. युंक, बेली व स्पार्क्स यांनी १९८९ मध्ये मांडलेली पूर-स्पंदाची (नियमित येणाऱ्या-ओसरणाऱ्या पुराची) संकल्पनाही नदी व पूरमैदान यांच्या याच देवघेवीवर भर देते. नाल्याच्या तोंडाशी घेतलेल्या नमुन्यात बरेचसे प्राणी वरच्या अंगाच्या धरणातले असू शकतात. ते मोजून नाल्याचा परिणाम ठरवणे धोक्याचे आहे.

सेंद्रिय सांडपाण्याचा परिणाम तापमानामुळे तीव्र होतो. संपृक्त अवस्थेत गोड्या पाण्यात २० °से.ला लिटरमागे सुमारे ९.१ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळतो, ३० °से.ला केवळ ७.६ मिग्रॅ.; उलट जीवाणूंचा श्वसनवेग उष्णतेने वाढतो. अमोनियाचेही तसेच. सामू (पीएच) ८ असताना एकूण अमोनियापैकी विषारी, अनायनीभूत (विद्युत्‌भार नसलेल्या) रूपातील हिस्सा २० °से.ला सुमारे ३.८ टक्के, तर ३० °से.ला ७.५ टक्क्यांच्या आसपास असतो. मैलापाण्याचा तोच भार उष्ण नदीला अधिक जड जातो, तो असा.

अशा पाण्यात प्राण्यांची संख्या घटतेच असे नाही. पुष्कळदा ती वाढते आणि जाती मात्र कमी होतात. ब्रॅकिओनस कॅलिसिफ्लोरस, ब्रॅकिओनस अँग्युलॅरिस, फिलिनिया लाँजिसेटा हे रोटिफर माजतात; अतिदूषित भागात रोटारिया नेप्चुनिया आढळतो. जलपिसवांपैकी मॉइना ही प्रजाती (जवळच्या जातींचा गट) टिकून राहते, कारण ऑक्सिजन कमी पडला की ती अधिक हीमोग्लोबिन तयार करते. कोपेपोडांमध्ये कॅलॅनॉइड हा उपगट मागे पडून सायक्लोपॉइड हा उपगट वरचढ होण्याकडे कल दिसतो. सुपोषणाने (पाण्यात पोषकद्रव्ये अति वाढल्याने) मायक्रोसिस्टिससारखी नीलहरित शैवले फोफावली की त्यांच्या पुंजक्यांनी मोठ्या जलपिसवांची गाळणयंत्रणा अडते आणि लहान जातींना वाव मिळतो.

प्रदूषणाची पातळी ठरवण्यासाठी वापरले जाणारे निर्देशांक हा वादाचा दुसरा विषय. कोल्कविट्स व मार्सन यांची १९०८-०९ मधील सॅप्रोबिक पद्धती (सापडणाऱ्या जातींवरून सेंद्रिय प्रदूषण ठरवण्याची रीत) समशीतोष्ण यूरोपातील नद्यांवर बेतलेली होती. व्ही. स्लादेचेक यांनी १९८३ मध्ये ब्रॅकिओनस व ट्रिकोसर्का या प्रजातींतील जातींच्या संख्येचे गुणोत्तर सुचवले : १ पेक्षा कमी असल्यास अल्पपोषित, १ ते २ मध्यमपोषित, २ पेक्षा जास्त असल्यास सुपोषित पाणी. परंतु ब्रॅकिओनस ही मुळातच उष्ण पाण्यात जातींनी समृद्ध असलेली प्रजाती आहे. त्यामुळे स्वच्छ उष्ण कटिबंधीय नदीतही हे गुणोत्तर फुगू शकते. एकाच नदीच्या वरच्या व खालच्या टप्प्यांची, एकाच ऋतूतील तुलना त्याहून विश्वसनीय ठरते. पुराच्या काळात तर निर्मळ नदीतही प्राण्यांची घनता पातळ होते. विषारीपणाच्या चाचण्यांतही हाच प्रश्न आहे. डॅफ्निया मॅग्ना या जलपिसवेच्या प्रमाण जातीची चाचणी १८ ते २२ °से.ला होते, आणि उष्ण नद्यांत ही जात सहसा नसतेच. तेथे मॉइना किंवा सेरिओडॅफ्निया या जलपिसवा वापरणे योग्य होय.

कीटकनाशकांना जलपिसवा सर्वांत आधी बळी पडतात. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके त्यांच्यातील ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे मज्जासंदेशांसाठी लागणारे विकर (एंझाइम) निकामी करतात. रोटिफर तुलनेने तग धरतात व स्पर्धक नाहीसे झाल्याने वाढतात. अशा वेळी एकूण संख्या पाहणाऱ्याला नदी धडधाकट वाटते. तांब्यासारखे धातूही जलपिसवांना अल्प प्रमाणात घातक असतात. सूक्ष्म प्लॅस्टिकचे कण हे प्राणी अन्न समजून गिळतात.

खाणींच्या गाळाचे ठळक उदाहरण ब्राझीलमधील त्रोंबेतास नदीलगतच्या बटाटा सरोवराचे आहे. १९७९ ते १९८९ या काळात बॉक्साइट धुतलेला गाळ त्यात सोडला गेला. अशा बारीक गाळाने प्रकाश अडतो, शैवले घटतात आणि गाळून खाणाऱ्या प्राण्यांच्या पोटात अन्नाऐवजी माती जाते. शिवाय तळातील सुप्त अंडी गाडली जातात. रोटिफर व जलपिसवा एरवी अनिषेकजननाने (नराविना, फलन न होता) वाढतात, प्रतिकूल काळात मात्र टणक कवचाची ही सुप्त अंडी घालतात. प्रदूषण थांबल्यावर समूह पुन्हा उभा राहतो तो बराचसा या साठ्यातून आणि पूरमैदानातून येणाऱ्या पाण्यातून.