शिष्टमर्यादा, क्रूझ जहाजावरील

क्रूझ जहाजावरचे प्रवासी आणि तिथले कर्मचारी यांनी एकमेकांशी बोलता-वागताना पाळायच्या मर्यादा. काही मर्यादा कंपनीच्या नियमावलीत असतात, काही आंतरराष्ट्रीय करारांतून आलेल्या असतात. बऱ्याचशा कुठेच लिहिलेल्या नसतात आणि नेमक्या त्याच जास्त मोडल्या जातात. सोलापूरसारख्या समुद्रापासून लांबच्या शहरातली मंडळीही आता ग्रुप टूरने क्रूझला जातात. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसला बसायचे, सकाळी मुंबईत उतरायचे आणि बॅलार्ड पिअर हा क्रूझचा धक्का गाठायचा. त्यामुळे हा विषय इथल्या घरांतही आला आहे.

तसा सोलापूरचा जहाजांशी संबंध जुना आहे. सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेले वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापुरात झाला. त्यांच्या कंपनीचे ‘एसएस लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. त्याच्या स्मरणार्थ ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

या मर्यादांमागचे मूळ कारण साधे आहे. हॉटेलातला वेटर रात्री घरी जातो, जहाजावरचा जात नाही. करार बहुधा सहा ते नऊ महिन्यांचा असतो आणि त्या काळात आठवड्याचे सातही दिवस काम असते. प्रवाशाची सुट्टी जिथे चालू असते, तिथेच कर्मचाऱ्याचे काम, जेवण, झोप आणि घरची आठवण हे सगळे असते. सागरी श्रम करार २००६ (अंमल ऑगस्ट २०१३ पासून, भारताची मान्यता २०१५) याच्या विश्रांतीविषयक नियमानुसार २४ तासांत किमान १० तास विश्रांती द्यावी लागते. ती जास्तीत जास्त दोन तुकड्यांत द्यायची आणि त्यातला एक तुकडा निदान ६ तासांचा असला पाहिजे. सकाळी नाश्त्याला दिसलेला मुलगा रात्रीच्या जेवणालाही दिसतो, म्हणजे दुपारी कधीतरी तो झोपलेला असतो. त्याला कॉरिडॉरमध्ये गाठून अर्धा तास गप्पा मारल्या, तर तो वेळ त्याच्या झोपेतून जातो.

जागेच्या मर्यादा सर्वांत स्पष्ट असतात. कर्मचाऱ्यांच्या खोल्या, मेस आणि त्यांचे मोठे कॉरिडॉर बहुतेक खालच्या डेकवर असतात. तिथे प्रवाशांना मज्जाव असतो. जहाजे व बंदरे यांच्या सुरक्षेसाठी १ जुलै २००४ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय संहितेनेही जहाजावर प्रतिबंधित क्षेत्रे ठरवणे आवश्यक केले आहे. उलट बाजूने, काम नसताना कर्मचाऱ्याने प्रवाशाच्या केबिनमध्ये जायचे नसते. प्रवाशाशी शारीरिक जवळीक साधल्यास नोकरी जाते आणि पुढच्या बंदरावर उतरवले जाते. अमेरिकेच्या २०१० च्या क्रूझ सुरक्षा कायद्याने केबिनच्या दाराला बाहेरचे दिसेल असे छिद्र आणि केबिनमध्ये कोणी, केव्हा जावे याचे नियम बंधनकारक केले.

सर्वांत नाजूक भाग मात्र नियमात मावत नाही. कर्मचाऱ्याला ‘नाही’ म्हणणे अवघड असते. प्रवाशाच्या अभिप्रायाला त्याच्या बढतीत वजन असते, तक्रारीला त्याहून जास्त. म्हणून त्याच्या हसण्याला होकार समजू नये. फोटो काढू का असे विचारल्यावर तो हसून उभा राहतो. व्हॉट्सॲप नंबर मागितला की विषय बदलतो. तो बदलतो तेव्हा आपणही बदलावा.

आपल्याकडची चौकशी प्रेमाची असते, यात शंका नाही. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव आणि देश वाचला, त्यातून आडनाव मराठी निघाले, की ‘तुम्ही कुठले?’ हा प्रश्न तोंडात येतोच. हा प्रश्न विचारावा. महिनोन्‌महिने मराठी कानावर न पडलेल्या मुलाला तो आवडतो. पण त्यापुढचे पगार किती, लग्न झाले का, घरी किती पाठवतोस हे प्रश्न चार लोकांसमोर, हातात ट्रे असताना विचारू नयेत. त्याला टाळता येत नाहीत आणि उत्तरही देता येत नाही. टिचकी वाजवून किंवा ‘शुक् शुक्’ करून बोलावणे तर कोणत्याच भाषेत चालत नाही. बिल्ल्यावर नाव आहे, त्या नावाने हाक मारावी. सोलापुरात रिक्षावाल्यालाही ‘मालक’ म्हणणारी माणसे जहाजावर एकेरीवर का येतात, हे मला अजून उमगलेले नाही.

मराठी ओळख निघाली म्हणून त्याच्याकरवी नियमाबाहेरची कामे करून घेऊ नयेत. जैन जेवण किंवा कांदा-लसणाशिवायचे पदार्थ हवे असतील, तर ते बुकिंगच्या वेळी कळवायचे आणि जहाजावर हेड वेटरला पुन्हा सांगायचे. ‘तू आपला आहेस, आत सांग ना जरा’ म्हणून वेटरला भटारखान्यात पिटाळले, तर बोलणी त्याला खावी लागतात. तीच गोष्ट मुलांची. ‘बाळाकडे जरा बघ हं’ म्हणून पोर वेटरच्या हवाली करून बुफेकडे जाणे लग्नकार्यात चालते, जहाजावर चालत नाही. मुलांना सांभाळण्याची जबाबदारी ठरावीक प्रशिक्षित कर्मचाऱ्यांकडे असते. इतरांनी परक्या मुलाला उचलून घेणेही त्यांच्या अंगाशी येऊ शकते.

केबिनचे दार ही दोघांमधली रोजची सीमा असते. स्टुअर्ड (केबिनची साफसफाई करणारा कर्मचारी) दार वाजवतो, ‘हाउसकीपिंग’ असे सांगतो, थांबतो, पुन्हा वाजवतो आणि मगच किल्ली लावतो. आत कोणी असल्यास व्यत्यय नको असल्याचे कार्ड आधीच बाहेर लावावे. टॉवेलवर दार उघडून त्याच्याशी बोलत राहणे हा अवघडलेपणा त्याच्यावर लादू नये. मुद्दाम केले तर ती छळवणूकच होते. अनेक जहाजांवर तो संध्याकाळी पलंगावर टॉवेलचा हत्ती किंवा माकड करून ठेवतो. भौगोलिक मानांकन मिळवलेल्या टेरी टॉवेलच्या गावचा माणूस तो उलगडून विणकाम पाहणारच, त्यात गैर काही नाही. पण घडी शिकवायला त्याला केबिनमध्ये थांबवून ठेवू नये. त्याच्या वाट्याला डझनभर किंवा त्याहून जास्त केबिन असतात. घड्या शिकवण्याचा कार्यक्रम बऱ्याच जहाजांवर डेकवरच होतो.

भेटवस्तू आणि टिप. शेंगाचटणीचे पाकीट द्यायचे मनात असेल, तर ते दुकानातले सीलबंद असावे, कारण घरी केलेले पदार्थ अनेक कंपन्या जहाजावर चढवू देत नाहीत. द्यायचे ते उघडपणे द्यावे आणि त्याने नको म्हटले तर आग्रह धरू नये. आपल्याकडे आग्रह हा पाहुणचार असला, तरी त्याच्यासाठी तो नियमभंग ठरू शकतो. अमेरिकी कंपन्यांत दर माणशी दर दिवशी सेवाशुल्क बिलात आपोआप लागते आणि अनेकांच्या कमाईचा मोठा वाटा त्यातून येतो. ते शेवटच्या दिवशी काउंटरवर जाऊन काढून घेणे कायदेशीर असले, तरी ज्याने आठवडाभर राबून सेवा केली त्याच्या पोटावर पाय देण्यासारखे आहे. टिप कितीही दिली, तरी तिच्या बदल्यात सलगी विकत मिळत नाही. त्याचे नाव लिहून दिलेला चांगला अभिप्राय पुष्कळदा नोटेपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

आणीबाणीत हे नाते पूर्ण उलटते. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ जहाज खडकावर आदळून ३२ जणांचा मृत्यू झाला. त्या वेळी नव्याने चढलेल्या काही प्रवाशांचा, धोक्याच्या वेळी काय करायचे याचा सराव झालेलाच नव्हता. नियम बदलले आणि १ जानेवारी २०१५ पासून नव्या प्रवाशांचा सुरक्षा-सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले. त्या सरावात काल चहा देणारा मुलगा लाइफ जॅकेट घालून हुकूम देतो आणि तो ऐकावाच लागतो. त्याला हसण्यावारी नेणारा प्रवासी त्याच्या गटातल्या सगळ्यांचाच जीव धोक्यात घालतो.

मर्यादा मोडल्यास दाद मागण्याची सोय दोन्ही बाजूंना आहे. प्रवाशाने गेस्ट सर्व्हिसेस किंवा सुरक्षा अधिकाऱ्याकडे जावे, टूर मॅनेजरमार्फत परस्पर मिटवू नये. कर्मचाऱ्यासाठी सागरी श्रम करारानुसार प्रत्येक जहाजावर तक्रारीची पद्धत असावी लागते आणि तक्रार केली म्हणून त्याला त्रास देता येत नाही. गैरवर्तन करणाऱ्या प्रवाशाला केबिनमध्ये थांबवण्याचा किंवा पुढच्या बंदरावर उतरवण्याचा अधिकार कप्तानाला असतो. परतीचा खर्च मग त्या प्रवाशाच्याच खिशातून होतो. खुल्या समुद्रात सामान्यतः जहाजावर ज्या देशाचा ध्वज असेल त्या देशाचा कायदा चालतो. बहामा, पनामा, माल्टा हे क्रूझ जहाजांवर नेहमी दिसणारे ध्वज आहेत.