हिशोबपट्टी रांगेत: वेब अ‍ॅप्लिकेशनमधली मागे सोपवलेली कामे

लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजार आवारात कांद्याचा लिलाव सुरू झाला की एकामागून एक ट्रॅक्टर भुईकाट्यावर येऊ लागतात आणि वजन झाल्यावर प्रत्येक शेतकऱ्याच्या नावे हिशोबपट्टी करावी लागते. हे काम करणारे वेब अ‍ॅप्लिकेशन नाशिकमधल्या एखाद्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीने तयार केले आहे, असे धरू. कारकुनाने वजन आणि भाव भरून ‘नोंद करा’ हे बटण दाबले की सर्व्हरने नोंद डेटाबेसमध्ये लिहायची, हिशोबपट्टीची पीडीएफ बनवायची, शेतकऱ्याला एसएमएस पाठवायचा आणि व्यापाऱ्याच्या हिशोबाच्या प्रणालीला रक्कम कळवायची. नोंद लिहायला काही मिलिसेकंद पुरतात, पीडीएफला एखादा सेकंद लागतो. शेवटची दोन कामे मात्र दुसऱ्यांच्या सर्व्हरवर अवलंबून असल्यामुळे त्यांना किती वेळ लागेल, हे आपल्या हाती नसते.

ही सगळी कामे संपेपर्यंत कारकुनाला थांबवून ठेवले, तर त्याची विनंती हाताळणारी सर्व्हरवरची प्रक्रियाही (म्हणजे तिथे चालू असलेला प्रोग्राम) तेवढा वेळ अडकून पडते. अशा प्रक्रियांची संख्या मर्यादित असते. एसएमएस पाठवणारी सेवा संथ झाली की काही क्षणांत सगळ्या प्रक्रिया तिच्या उत्तराची वाट पाहत बसतात आणि ज्याला फक्त आजचा भाव पाहायचा आहे, त्याच्यासाठीही संकेतस्थळ बंद पडते. शिवाय प्रतीक्षेला मर्यादा असते. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर त्याच्या मागे काम करणाऱ्या सर्व्हरच्या उत्तराची, वेगळी मर्यादा ठरवून दिली नसेल तर, 60 सेकंद वाट पाहतो, तर पायथन भाषेतल्या अ‍ॅप्लिकेशनसाठी वापरला जाणारा गनिकॉर्न हा सर्व्हर 30 सेकंदांनंतर अडकलेली प्रक्रिया बंद करून नवी सुरू करतो. तेव्हा कारकुनाला चूक झाल्याचा संदेश दिसतो, नोंद प्रत्यक्षात झालेली असते, तो बटण पुन्हा दाबतो आणि एकाच ट्रॅक्टरच्या दोन नोंदी होतात.

यावरचा उपाय असा, की विनंती आल्यावर सर्व्हरने फक्त नोंद लिहावी, उरलेल्या कामांची एकेक चिठ्ठी रांगेत टाकावी आणि कारकुनाला लगेच उत्तर द्यावे. या चिठ्ठीला जॉब म्हणतात. वर्कर नावाचे वेगळे प्रोग्राम रांगेतून एकेक जॉब उचलून तो पार पाडतात. या उपायाने काम जलद होत नाही, कमीही होत नाही. काम स्वीकारण्याचा क्षण आणि ते पूर्ण होण्याचा क्षण एकमेकांपासून वेगळे होतात, इतकेच. रांग वापरताना होणाऱ्या बहुतेक चुका या दोन क्षणांच्या मधल्या काळात होतात.

रांग कोठे ठेवायची, याचे पर्याय बरेच आहेत. 2009 मध्ये आलेला रेडिस हा डेटाबेस माहिती मेमरीत ठेवतो, म्हणून अतिशय वेगवान असतो. पण प्रत्येक बदल नोंदवून ठेवण्याची सोय चालू केली आणि ती नोंद दर सेकंदाला डिस्कवर लिहिण्याचा प्रचलित पर्याय निवडला, तरी वीज गेल्यास शेवटच्या सुमारे एका सेकंदातले जॉब हरवू शकतात. पोस्टग्रेस हा डेटाबेस आधीच वापरात असेल, तर त्यातल्याच एका तक्त्यात जॉब ठेवता येतात. 2016 च्या जानेवारीत आलेल्या त्याच्या 9.5 या आवृत्तीपासून, दुसऱ्या वर्करने कुलूप लावलेल्या ओळी वगळून पुढची मोकळी ओळ उचलण्याची सोय मिळाली आणि अनेक वर्कर एकाच तक्त्यावर एकमेकांना न अडवता काम करू लागले. बाजार समितीएवढ्या कामासाठी मी हाच मार्ग निवडेन, कारण त्यामुळे नोंद आणि तिचे जॉब एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहिता येतात: दोन्ही होतात किंवा दोन्ही होत नाहीत. रांग वेगळ्या प्रणालीत असेल, तर नोंद पक्की होण्याआधीच जॉब वर्करच्या हाती पडू शकतो आणि त्याला डेटाबेसमध्ये ती नोंद सापडतच नाही. किंवा नोंद पक्की होते आणि जॉब रांगेत टाकण्यापूर्वीच सर्व्हर बंद पडतो.

याहून अवघड प्रश्न वर्करच्या बाजूला आहे. वर्करने एसएमएस पाठवला आणि जॉब रांगेतून काढून टाकण्यापूर्वीच तो बंद पडला, तर काय? रांगेच्या दृष्टीने काम अपुरेच आहे, म्हणून दुसरा वर्कर तोच एसएमएस पुन्हा पाठवतो. हे टाळण्यासाठी जॉब आधी काढून मग काम करायचे ठरवले, तर त्या दोन पायऱ्यांच्या मध्ये बंद पडलेला वर्कर ते काम कायमचे हरवतो. रांग आणि एसएमएसची सेवा या दोन वेगळ्या प्रणाली असल्यामुळे दोन्ही पायऱ्या एकाच क्षणी उरकण्याचा तिसरा मार्ग नाही. म्हणून बहुतेक रांगा पहिला क्रम पत्करतात आणि प्रत्येक जॉब निदान एकदा तरी होईल, एवढेच आश्वासन देतात. अ‍ॅमेझॉनच्या एसक्यूएस या सेवेत उचललेला जॉब इतरांपासून मुळात 30 सेकंद लपवला जातो आणि तेवढ्यात तो काढून टाकला नाही, तर पुन्हा दिसू लागतो. म्हणजे वर्कर बंद पडला नाही, नुसता संथ असला, तरीही काम दोनदा होऊ शकते.

तेव्हा जॉबच असा लिहावा लागतो, की तो दोनदा झाला तरी परिणाम एकदाच व्हावा. व्यापाऱ्याच्या प्रणालीला ‘या शेतकऱ्याच्या खात्यात इतकी रक्कम वाढवा’ असे सांगणे धोक्याचे आहे. ‘या क्रमांकाच्या नोंदीची रक्कम इतकी आहे’ असे सांगितले, की तोच संदेश पुन्हा गेला तरी हिशोब बदलत नाही. पीडीएफच्या फाइलला नोंदीच्या क्रमांकावरून नाव दिले, की दुसऱ्यांदा बनलेली फाइल पहिलीच्याच जागी बसते. एसएमएस एखाद्या वेळी दोनदा गेला, तर ते चालवून घेता येते. रक्कम दोनदा चढलेली चालत नाही. कोणते काम कोणत्या प्रकारात मोडते, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याने बाजारातल्या माणसांना विचारूनच ठरवावे, असे मला मनापासून वाटते.

फसलेला जॉब लगेच पुन्हा करून पाहणेही उपयोगाचे नसते. एसएमएसची सेवा बंद असेल, तर सगळे वर्कर मिळून तिच्यावर सतत आदळत राहतात आणि तिला सावरू देत नाहीत. म्हणून दोन प्रयत्नांतले अंतर दर वेळी वाढवत नेतात आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक मिसळतात, म्हणजे सगळे जॉब एकाच क्षणी परतत नाहीत. रूबी भाषेतल्या साइडकिक या प्रणालीत फसलेला जॉब मुळात 25 वेळा, सुमारे तीन आठवडे पुन्हा करून पाहिला जातो. त्यानंतरही न झालेला जॉब वेगळ्या यादीत जातो, आणि ती यादी रोज पाहण्याची जबाबदारी एका नेमक्या माणसाकडे असावी लागते.

वर्कर किती असावेत, याचे गणित संगणकाच्या आधीपासूनचे आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर क्रारुप एरलांग यांनी 1909 मध्ये दूरध्वनी संभाषणांच्या संभाव्यतेवर निबंध लिहिला आणि रांगशास्त्राचा पाया घातला. त्या शास्त्रातला एक साधा निष्कर्ष पाहण्यासारखा आहे. एक वर्कर आहे, एका जॉबला सरासरी 3 सेकंद लागतात, आणि जॉब येण्याच्या वेळा व त्यांना लागणारा वेळ दोन्ही अनियमित आहेत, असे समजा. वर्कर 80 टक्के वेळ कामात असेल, तर जॉबला रांगेत सरासरी 12 सेकंद थांबावे लागते. 90 टक्क्यांवर 27 सेकंद आणि 95 टक्क्यांवर 57 सेकंद. त्यामुळे वर्कर सतत कामात ठेवणे काटकसरीचे वाटले, तरी थोडी क्षमता रिकामी ठेवावीच लागते.

लिलावाच्या वेळची गर्दी हा निराळा प्रकार आहे. दोन तास दर मिनिटाला 60 जॉब येत असतील आणि वर्कर मिळून 40 उरकत असतील, तर सत्राच्या शेवटी 2,400 जॉब साचतात आणि नवे येणे थांबल्यावर ते संपायला आणखी एक तास लागतो. हा तासाभराचा उशीर एसएमएसला चालेल, पण शेतकरी हिशोबपट्टीसाठी खिडकीपाशी उभा असतो. म्हणून पीडीएफची रांग आणि तिचे वर्कर वेगळे ठेवणे बरे.

देखरेख करताना पुष्कळजण रांगेची लांबी पाहतात. माझ्या मते सर्वांत जुना जॉब किती वेळ थांबला आहे, हा आकडा अधिक उपयोगाचा आहे. रांगेत 2,400 जॉब असूनही ते वेगाने पुढे सरकत असतील, तर गर्दी आहे एवढेच कळते. रांगेत तीनच जॉब असतील आणि ते दोन तास जागचे हललेले नसतील, तर वर्कर तपासायला उठावे लागते.